झोळीतली झोप

माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत जातो. काय खावे, किती चालावे, पाणी कसे प्यावे याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. कशावर झोपावे हा प्रश्न मात्र गादी मऊ असावी की कडक, एवढ्यावरच थांबतो. ज्यांच्या घरी पलंग आहे त्यांचे ठीक आहे. परंतु आपल्या जिल्ह्यात रोज रात्री कितीतरी माणसे उघड्यावर किंवा जमिनीला पाठ टेकून झोपतात. शेतावर राखणीला गेलेला शेतकरी, ऊसतोडीला आलेले कुटुंब, यात्रेकरू, मेंढपाळ आणि हौसेने डोंगर हिंडणारी मुले. या सगळ्यांसाठी ‘कुठे झोपावे’ हा चैनीचा प्रश्न नाही. कधीकधी तो जिवाचा प्रश्न असतो. आज त्याविषयी थोडे बोलू.

निमित्त झाले ते एका झोळीचे. पाठीवर सॅक टाकून डोंगर हिंडण्याची मला कॉलेजपासूनची सवय आहे. आजवर देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, कोणाच्या पडवीत, फार तर तंबूत झोपलो. दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या झोळीत रात्र काढण्याचा योग मात्र कधी आला नव्हता. तो गेल्या डिसेंबरात आला. इंग्रजीत या झोळीला हॅमॉक म्हणतात आणि अलीकडे आपल्याकडचे तरुण भटकेही ती वापरू लागले आहेत.

मूळ कुठले?

झोळी आपल्याला परकी नाही. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली झोप आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झाली आहे. मोठ्या माणसाने रोजच्या झोपेसाठी झोळी वापरण्याची चाल मात्र अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा तिथले ताईनो लोक सुती जाळ्या टांगून त्यांत झोपत. ‘हमाका’ हा शब्द त्यांचाच. त्याचेच पुढे हॅमॉक झाले. पुढे युरोपातल्या जहाजांनी ही युक्ती उचलली. समुद्रात जहाज हेलकावले की झोळी आपला तोल आपण सांभाळते, माणूस खाली पडत नाही आणि दिवसा गुंडाळून ठेवली की जागाही अडत नाही. मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलच्या ईशान्येकडे आजही घराघरांत माणसे झोळीत झोपतात. उष्ण, दमट हवा आणि जमिनीवर किडामुंगी, विंचूकाटा, अशा मुलखात ही सोय जन्माला आली. आपला मुलूख यापेक्षा फार वेगळा आहे का?

पहिली रात्र

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी पावनखिंडीची वाट पुष्कळांना ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथे मोठ्या मोहिमा निघतात. आम्ही तिघेच होतो, आणि तेही थंडीत. मी, पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा आणि त्याचा एक मित्र. मसाईचे पठार ओलांडून, कुंभारवाडी, खोतवाडी मागे टाकून संध्याकाळी पुढच्या एका वाडीजवळ पोचलो. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खळ्याशेजारी आंब्याची जुनी झाडे होती. रीतसर विचारून तिथे मुक्काम टाकला.

भाच्याने सॅकमधून नारळाएवढे एक बोचके काढले. उलगडले तर दहा फूट लांब, पातळ पण चिवट नायलॉनचे कापड. दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेले. झाडाला गुंडाळायला दोन इंच रुंदीचे पट्टे. साधा दोर झाडाच्या सालीत रुततो, झाड जखमी होते. रुंद पट्ट्याने तसे होत नाही. चार-पाच पावलांच्या अंतरावरचे दोन जाड बुंधे निवडून त्याने डोक्याच्या उंचीवर पट्टे बांधले आणि झोळी टांगली. मधोमध हात टेकून पाहिला तर झोळी खुर्चीच्या उंचीला आली होती.

खळ्याचे मालक, वय सत्तरीच्या पुढचे, विडी विझवून उठून आले.

“डॉक्टर, पाळण्यात झोपणार व्हय तुमी आता?”

“होय तात्या. बघूया तरी.”

“बघा. पर वरची ती वाळकी फांदी बघितलीसा का? आन् गवा उतरतो त्यो वगळ तिकडं हाय. त्याच्या वाटंत काय बांदू नका.”

दोन्ही सूचना मोलाच्या होत्या. भाच्याने लगेच झोळी सोडून दुसऱ्या दोन झाडांना बांधली. रात्री वाऱ्याने वाळकी फांदी मोडून अंगावर येणे हा झोळीवाल्यांचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो पुस्तक न वाचलेल्या तात्यांनी नेमका हेरला.

“मामा, आधी मधोमध बसा. मग पाठ टेका. पाय शेवटी घ्या,” भाचा म्हणाला. तसे केले. पहिल्या क्षणी वाटले, केळ्यासारखे वाकून रात्र कशी काढायची? पाठीला बाक, मान छातीकडे. त्यावर त्याने दुसरी युक्ती सांगितली. डोके थोडे डावीकडे आणि पाय थोडे उजवीकडे न्यायचे, म्हणजे झोळीत तिरपे झोपायचे. काय आश्चर्य, कापड ताणले गेले आणि पाठ जवळजवळ सपाट झाली. गुडघ्याखाली स्वेटरची गुंडाळी ठेवल्यावर पोटऱ्यांवरचा ताणही गेला.

खरे सांगायचे तर पहिला तास झोप लागली नाही. कूस बदलली की सगळे अंथरूण आपल्याबरोबर हलते, याची सवय नसते. पानांची सळसळ, खळ्यावरच्या कुत्र्याचे भुंकणे, दूर कुठेतरी टिटवी. मग केव्हातरी झोळीचा तो हलका झोका मंद होत गेला आणि डोळा लागला. मध्यरात्री एकदा उठलो, लघवीला जाऊन आलो आणि पुन्हा झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा अंग मोकळे होते. दगडाचा खडा खुपला नव्हता की उतारावरून घसरणे झाले नव्हते.

झोका आणि झोप

बाळाला झोका दिला की ते झोपते हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. मोठ्यांचेही तसेच होते का? याचा अभ्यास स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील संशोधकांनी केला. २०११ साली त्यांनी १२ निरोगी पुरुषांना दुपारी ४५ मिनिटे झोपवले. एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हळू झुलणाऱ्या पलंगावर. झुलत्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली आणि मेंदूच्या आलेखात गाढ झोपेकडे नेणाऱ्या लहरी वाढलेल्या दिसल्या. २०१९ साली तिथेच १८ तरुणांवर रात्रभर असा प्रयोग झाला. झोका असताना झोप लवकर लागली, गाढ झोपेचा वाटा वाढला आणि मध्येच जाग येणे कमी झाले.

कारण असे मानतात की, आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. मंद, एका लयीतला झोका त्या इंद्रियामार्फत मेंदूला पोचतो आणि झोपेच्या लहरींना लय देतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे प्रयोग थोड्या आणि निरोगी माणसांवर झाले आहेत. आणि ते झुलत्या पलंगावर झाले, झोळीत नव्हे. तेव्हा ‘झोळी हे निद्रानाशावरचे औषध’ अशी जाहिरात कोणी केली तर ती मनावर घेऊ नये. झोळीने पाठदुखी बरी होते असेही काही लोक सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. काहींना आराम वाटतो, काहींची कंबर धरते.

थंडी खालून येते

त्या रात्री भाच्याच्या मित्राची मात्र झोप उडाली. त्याच्याजवळ चांगली उबदार झोपपिशवी होती, म्हणून त्याने खालची फोमची चटई घेतली नाही. पहाटे दोनला तो कुडकुडत उठला आणि तात्यांच्या पडवीत जाऊन झोपला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऊब कापसाची किंवा लोकरीची नसते. त्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाखाली दाबली गेल्यावर झोपपिशवीतली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. जमिनीवर निदान वारा तरी खालून येत नाही. झोळीखालून तो सारखा वाहतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात हेच सुख वाटते, थंडीत ते बाधते. म्हणून झोळीत पांघरुणापेक्षा अंथरुणाची काळजी आधी घ्यावी. फोमची चटई किंवा जाड घोंगडी पाठीखाली असलीच पाहिजे. तिचा आणखी एक फायदा आहे. पातळ कापड पाठीला ताणून बसले की डास खालून कापडातूनही चावतात. चटईने ते टळते.

जमिनीवरचा शेजारी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मी झोळीकडे हौस म्हणून पाहिले, पण परत आल्यावर डॉक्टर म्हणून विचार करू लागलो.

काही वर्षांपूर्वी पहाटे साडेचारच्या सुमारास एका ऊसतोड कामगाराचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा माझ्या दवाखान्यात आणला गेला. कोपीत जमिनीवर चटई टाकून झोपला होता. पोटात कळ येते म्हणून उठला, दोन उलट्या झाल्या. आई म्हणाली, “रात्रीचं काई बाधलं आसंल.” मुलाच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या होत्या. डोळे उघड म्हटले तर उघडेना. आवाज बसलेला, थुंकी गिळता येईना. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. पण हे चित्र मण्यारच्या दंशाचे होते. त्याला तोंडाने श्वास देत गाडीतून मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे विषावरची लस दिली, कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवले. दहाव्या दिवशी पोरगा चालत घरी गेला. तासभर उशीर झाला असता तर हे लिहिताना माझा हात जड झाला असता.

मण्यार हा रात्री फिरणारा साप आहे. उंदीर, पाली आणि दुसरे लहान साप शोधत तो घरात, कोपीत शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय त्याच्यावर पडला की चावतो. त्याचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा, सूज नाही. झोपलेला माणूस जागाही होत नाही. विष मज्जासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ‘रात्री धडधाकट झोपला आणि सकाळी उठलाच नाही’ अशा काही मृत्यूंमागे मण्यार असतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून संरक्षण मिळते असे दिसले. डासांसाठी आणलेली जाळी सापालाही अडवते! विंचवाचेही तसेच. कोकणातला लाल विंचू किती घातक असतो आणि प्राझोसिन या गोळीने त्याच्या दंशाचे रुग्ण कसे वाचतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिले. पण दंश टळला तर ते अधिक बरे.

तेव्हा जमिनीपासून हातभर वर आणि जाळीच्या आत झोपणे, हे सूत्र आहे. ते झोळीने साधते, सुंभाच्या बाजेने साधते, शेतातल्या माळ्यानेही साधते. ट्रेकरला झोळी सोपी, कारण ती सॅकमध्ये मावते. राखणदाराला बाज सोपी. मुद्दा साधनाचा नाही, उंचीचा आणि जाळीचा आहे. जाळी मात्र सगळीकडून खोचलेली हवी. खाली लोंबणारी जाळी म्हणजे सापाला शिडीच.

झोळीत झोपले म्हणजे सगळे धोके संपले असे नव्हे. पालापाचोळ्यातून, गवतातून हिंडताना गोचिडी आणि बारीक किडे अंगाला लागतातच. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे होतो. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला कळवावे. स्क्रब टायफस हा ताप गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतो. चावल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. डोंगरातून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर “मी जंगलात गेलो होतो” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

बाळाची झोळी

झोळीचा विषय निघालाच आहे, तर घरातल्या झोळीबद्दल कानावर घालतो. बाळाला झोळीत झोका देऊन निजवणे ही आपली जुनी रीत आहे आणि आई, आजी समोर बसलेली असेल तोवर ठीक. पण झोळीच्या बाकामुळे लहान बाळाची मान वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबू शकते. तोंडावर कापड येऊ शकते. म्हणून बाळ झोपले की त्याला उचलून सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. झोळी टांगून आईने पाण्याला जाऊ नये. थोरल्या मुलांनी साडीच्या झोक्यात गरगर फिरण्याचा खेळ खेळू नये. पीळ गळ्याला बसून मुले दगावल्याच्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतात. घरात असा झोका बांधलेला असेल तर मूल एकटे असताना तो सोडून ठेवा.

कोणी झोळीत झोपू नये?

मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कंबरेपासून पायात कळ जाणाऱ्यांनी, चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांनी आणि रात्री वारंवार लघवीला उठावे लागणाऱ्या वृद्धांनी झोळीच्या भानगडीत पडू नये. त्यांना चढता-उतरता पडण्याचा धोका जास्त. गुडघेदुखी असलेल्यांनी आधी घरी दुपारी तासभर झोपून पाहावे.

जाणाऱ्यांसाठी सूचना

१) झाड जिवंत आणि जाड असावे. शेवगा, पांगारा, पपई यांचे लाकूड ठिसूळ; ती टाळावीत. नारळाखाली झोपू नये. वर वाळकी फांदी, मधमाश्यांचे पोळे, लाल मुंगळ्यांची पानांची घरटी आहेत का ते उजेडातच पाहावे.

२) दोर ताठ ओढू नये, झोळीला झोल राहू द्यावा. हा सौंदर्याचा नव्हे, गणिताचा भाग आहे. दोर आडव्या रेषेशी तीस अंशांत उतरता असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरावर आपल्या वजनाएवढाच ताण येतो. दहा अंश इतका ताठ ओढला तर तो जवळजवळ तिप्पट होतो. सत्तर किलोच्या माणसाचा दोन्हीकडे दोन-दोनशे किलो!

३) झोळीची उंची खुर्चीएवढीच ठेवावी. पडलोच तर लागू नये, हा हिशेब. एकावर एक झोळ्या टांगू नयेत.

४) पाठीखाली चटई, डोक्याला टोपी, पायात कोरडे मोजे. झोपण्यापूर्वी पोटभर जेवावे आणि लघवीला जाऊन यावे. थंडी घालवायला दारू पिऊ नये. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते पण अंग लवकर गार पडते.

५) बूट जमिनीवर ठेवू नयेत, दोराला अडकवावेत. सकाळी झटकून मगच घालावेत. रात्री उतरताना आधी बॅटरीचा उजेड खाली टाकावा, मग पाय.

६) पावसाळी हवा असेल तर वर ताडपत्री हवीच. पट्ट्यांवरून पाणी ओघळत झोळीत येते. झोळीच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधला की पाणी तिथेच ठिबकते.

७) अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करू नये. खासगी जागेत मालकाला विचारावे. गावातल्या माणसाचा सल्ला ऐकावा. जनावरांच्या वाटा त्यालाच ठाऊक असतात.

८) साप चावला असे वाटले, किंवा पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या जड झाल्या, तर वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय काठी बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यातले काहीही करू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्याही विषावर एकच लस चालते, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते.

शेवटी एक विनंती. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू आहे. गावाबाहेरच्या माळावर कोप्या पडल्या आहेत आणि त्यांत लहान मुले जमिनीवर झोपत आहेत. तुमच्या माळ्यावर एखादी जुनी बाज पडून असेल, जास्तीची मच्छरदाणी असेल, तर ती अशा एखाद्या कुटुंबाला द्या आणि जाळी कशी खोचायची तेही दाखवा. ट्रेकर मुलांनी जुनी झाल्यावर टाकून दिलेली झोळीही एखाद्या राखणदाराला चालेल. मात्र शिवण उसवलेली किंवा दोर झिजलेला असेल तर देऊ नका. हातभर उंचीने एखादे मूल वाचत असेल, तर एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे.